तूप: कशाच्या जागी आणि किती

तूप म्हणजे दुधातला जवळजवळ निर्भेळ स्निग्धांश. दुधावरची साय विरजायची, घुसळून लोणी काढायचे, लोणी मंद आचेवर कढवून त्यातले पाणी उडवायचे आणि बेरी तळाशी बसली की तूप गाळून घ्यायचे, ही घरोघरची रीत. डेअऱ्यांमध्ये विरजणाची पायरी बहुधा गाळतात आणि मलईपासून किंवा लोण्यापासून थेट तूप काढतात. रीत कोणतीही असो, तुपात किमान ९९.५ टक्के स्निग्धांश असावा आणि पाणी अर्ध्या टक्क्याहून जास्त नसावे, असे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मानक सांगते. त्यामुळे तुपात प्रथिने, कॅल्शियम आणि दुधातली साखर नावापुरतीच उरते. दूध न सोसणाऱ्या अनेकांना तूप सोसते ते म्हणूनच. दुधाचे सगळे सत्त्व तुपात उतरते ही समजूत मात्र खरी नाही. दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम बहुतेक साय काढलेल्या दुधात आणि ताकात राहतात.

तुपातील मेदाम्लांपैकी सुमारे ६० ते ६५ टक्के संपृक्त असतात, पाव हिश्शाहून थोडी अधिक एक-असंपृक्त आणि अवघी तीन-चार टक्के बहु-असंपृक्त. संपृक्त भागात पामिटिक आम्ल सर्वांत जास्त, त्याखालोखाल मिरिस्टिक आणि स्टिअरिक. ब्युटिरिक आम्ल तीन-चार टक्के. दुधाच्या स्निग्धांशाची ही खास ओळख. शंभर ग्रॅम तुपात कोलेस्टेरॉल अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम असते. पाच ग्रॅमच्या एका चहाच्या चमच्यातून ४५ उष्मांक आणि सुमारे तीन ग्रॅम संपृक्त मेद मिळतो. पुढच्या सगळ्या वादाचा हिशेब या दोन आकड्यांवर उभा आहे, पण वाद घालताना नेमके तेच विसरले जातात.

तुपाबद्दलची भीती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी १९५८ मध्ये सात देशांच्या तुलनेचा अभ्यास सुरू केला. संपृक्त मेद, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांची साखळी त्यातून पुढे आली. त्या सात देशांत भारत नव्हता. तरीही निष्कर्ष इथल्या दवाखान्यांपर्यंत पोहोचले आणि शहरी मध्यमवर्गाच्या ताटातले तूप कमी होऊ लागले. तुपाच्या जागी काय आले, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. पुष्कळ घरांत रिफाइंड तेल आले. मिठाईच्या दुकानांत, बेकरीत आणि लग्नाच्या पंगतीत तर वनस्पती तूप आधीपासूनच होते. डालडा भारतात १९३७ मध्ये आला. असे तूप बनवण्यासाठी द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते गोठवतात; ही प्रक्रिया अर्धवट झाली की ट्रान्स मेद तयार होतो. तो वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवतो आणि चांगले कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी करतो. संपृक्त मेदही इतका दुहेरी घात करत नाही. भारताने ट्रान्स मेदाची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली आणि जानेवारी २०२२ पासून ती दोन टक्क्यांवर ठेवली. तुपाला घाबरून वनस्पतीकडे वळलेल्या पिढीने तोट्याचा सौदा केला होता, हे आता निर्विवाद आहे.

तुपाचे वकील इथूनच एक उडी मारतात. वनस्पती वाईट ठरले म्हणून तूप औषधी ठरत नाही. तरी गेल्या दीड-दोन दशकांत तुपाचे पुनर्वसन जवळपास त्याच तर्काने झाले. आजीच्या पिढीला हृदयविकार नव्हता, ती भरपूर तूप खात होती, म्हणून तूप हृदयाला चांगले, असा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. त्यातल्या दोन्ही विधानांना पुरावा लागतो. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत तूप रोज भरपूर मिळत होते, असे मानणे म्हणजे सुखवस्तू घरांची आठवण साऱ्या समाजावर लादणे. दुभते जनावर असलेल्या घरातही लोणी-तूप पुष्कळदा विकले जाई आणि घरच्यांच्या वाट्याला ताक येई. त्या पिढीत अनेकांचे आयुष्य संसर्गजन्य रोगांनीच अकाली संपत असे आणि निदानाची साधने तुटपुंजी होती, हेही विसरून चालत नाही.

भारतीय पुरावा म्हणून दोन अभ्यासांचे दाखले वारंवार दिले जातात. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांचा भारतभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. दूध-तूप भरपूर खाणाऱ्या उत्तरेकडील कर्मचाऱ्यांपेक्षा तेल खाणाऱ्या दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे सातपट होते. दुसरा अभ्यास राजस्थानातील ग्रामीण पुरुषांचा. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि महिन्याला किलोभराहून अधिक तूप खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळला. दोन्ही निरीक्षणे प्रामाणिक आहेत, पण दोन्हींना एकच मर्यादा आहे. पंजाबातला आणि तमिळनाडूतला कर्मचारी केवळ तुपाने वेगळे नव्हते. धान्य, शरीरयष्टी, हवामान, जेवणाची पद्धत, सगळेच वेगळे होते. राजस्थानच्या खेड्यात महिन्याला किलोभर तूप खाणारा माणूस बहुधा जमीन-जनावरे असलेला आणि अंग मोडून काम करणारा असतो. अशा निरीक्षणांतून प्रश्न निघतात, उत्तर निघत नाही.

उलट बाजूचे पुरावेही तितकेच तपासून घ्यायला हवेत. संशोधक मार्क जेकबसन यांनी १९८७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की भारतीय तुपात कोलेस्टेरॉलची ऑक्सिडीकृत रूपे सापडतात, ताज्या लोण्यात ती सापडत नाहीत आणि परदेशांत स्थायिक झालेल्या भारतीयांतील हृदयविकाराचे हे एक कारण असू शकते. 'असू शकते' एवढ्यावरच ते थांबले होते. पुढे ते वाक्य 'तुपाने हृदयविकार होतो' असे फिरत राहिले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत तर तुपाने पित्तावाटे कोलेस्टेरॉल बाहेर पडणे वाढले आणि रक्तातले कमी झाले. तेही जाहिरातींत सोयीने उंदरांचा उल्लेख गाळून वापरले जाते.

माणसांवरच्या नियंत्रित प्रयोगांकडे वळले की चित्र बरेच स्पष्ट होते. २०१८ मध्ये ब्रिटनमधील एका प्रयोगात निरोगी प्रौढांना चार आठवडे रोज ५० ग्रॅम लोणी, खोबरेल किंवा ऑलिव्ह तेल देण्यात आले. लोणी खाणाऱ्यांचे एलडीएल इतर दोन्ही गटांच्या तुलनेत वाढले. त्याहून बोलका प्रयोग स्वीडनचा, २०१५ चा. दुधाचा तेवढाच स्निग्धांश, रोज ४० ग्रॅम, एका गटाला मलईतून आणि दुसऱ्या गटाला निर्जल लोणीतेलातून आठ आठवडे दिला गेला. रासायनिकदृष्ट्या लोणीतेल आणि तूप जवळपास एकच. लोणीतेलाच्या गटाचे एलडीएल वाढले, मलईच्या गटाचे वाढले नाही. फरक होता तो दुधातल्या स्निग्ध कणांभोवतीच्या पातळ आवरणाचा. फॉस्फोलिपिड आणि प्रथिने यांचे हे आवरण मलईत शाबूत असते. घुसळताना ते फुटते आणि त्याचा मोठा भाग ताकात जातो. तुपाच्या बाजूने बोलताना 'दुग्धजन्य पदार्थ हृदयाला अपायकारक नाहीत' असे सांगणारे अभ्यास पुढे केले जातात, ते मुख्यतः दूध, दही, चीज यांचे असतात. त्यांचे श्रेय तुपाला देता येत नाही.

एलडीएल वाढले म्हणून काय बिघडले, असाही सवाल हल्ली केला जातो. जन्मतःच एलडीएल जास्त असणाऱ्या कुटुंबांत हृदयविकार तरुणपणी येतो, आणि ते औषधांनी कमी केले की झटके कमी होतात. या दोन स्वतंत्र मार्गांनी एलडीएलचे कारणत्व सिद्ध झाले आहे. आहाराच्या बाबतीत चित्र तितके चकचकीत नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. अमेरिकेतील मिनेसोटा प्रयोगाची जुनी आकडेवारी २०१६ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा संपृक्त मेदाऐवजी दिलेल्या मक्याच्या तेलाने कोलेस्टेरॉल कमी झाले होते पण मृत्यू कमी झाले नव्हते. कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात, किमान दोन वर्षे संपृक्त मेद कमी ठेवणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांशी संबंधित घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटल्या, एकूण मृत्यूंवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. फायदा आहे, चमत्कार नाही.

या साऱ्या विरोधी भासणाऱ्या निष्कर्षांचा मेळ एका प्रश्नाने बसतो: तूप कशाच्या जागी खाल्ले जाते? पोटात जागा मर्यादित असते, त्यामुळे एक पदार्थ वाढला की दुसरा कमी होतो किंवा एकूण उष्मांक वाढतात. वनस्पतीऐवजी तूप आले तर फायदा. शेंगदाणा, तीळ किंवा करडईच्या तेलाऐवजी तूप आले तर एलडीएलच्या दृष्टीने तोटा, कारण या तेलांत संपृक्त मेद साधारण वीस टक्क्यांच्या आत असतो. करडई हे तर मराठवाडा-सोलापूर पट्ट्याचे जुने पीक, आणि तिच्या तेलाचा मोठा भाग बहु-असंपृक्त असतो. बिस्किटे आणि फरसाण सोडून त्याच उष्मांकांचे वरण-भात-तूप खाल्ले तर बहुधा लाभच, कारण त्या पाकिटांत पाम तेल, मैदा आणि मीठ एकत्र येतात आणि पाम तेलातला निम्मा मेद संपृक्तच असतो. नेहमीच्या जेवणात काहीही कमी न करता वरून रोज तीन चमचे तूप घेतले तर १३५ उष्मांक वाढतात आणि महिन्याकाठी हा आकडा चार हजारांवर जातो. आज तूप 'सुरू करणारे' बहुतेक लोक या शेवटच्या प्रकारात मोडतात, आणि त्यांच्याबद्दलच सर्वांत कमी बोलले जाते.

मर्यादेचा हिशेब अवघड नाही. रोजच्या उष्मांकांपैकी संपृक्त मेदाचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे सुमारे २२ ग्रॅम होतात. चार चमचे तुपात त्यातले बारा-तेरा ग्रॅम संपतात, आणि अजून दूध, दही, पनीर, नारळ, अंडी-मटण, चहाबरोबरचे बिस्कीट यांचा हिशेब व्हायचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार उष्मांकांच्या आदर्श ताटात तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम धरले आहेत. फोडणीचे तेल त्यातच आले. म्हणजे बैठे काम करणाऱ्या निरोगी प्रौढाच्या वाट्याला एक ते दोन चमचे तूप सहज बसते; त्याहून जास्त हवे असेल तर तेवढे तेल कमी करावे लागते. ताटात पुरणपोळी असेल त्या दिवशी हा हिशेब कोणी करणार नाही आणि करायची गरजही नाही. सणाचा एक दिवस शरीर सांभाळून घेते. रोजच्या सवयीचे तसे नसते.

तुपाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या गुणांपैकी काही खरे आहेत. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात. गाजर, लाल भोपळा, पालक यांतले कॅरोटीन शोषले जाण्यासाठी जेवणात थोडा तरी स्निग्धांश लागतो. त्याला चमचाभर पुरतो, आणि तो तेलाचा असला तरी चालतो. तुपात स्वतःचे अ जीवनसत्त्वही असते, पण एका चमच्यात दिवसाच्या गरजेच्या जेमतेम चार-पाच टक्के. भातावर किंवा पोळीवर तूप घेतल्याने जठर सावकाश रिकामे होते आणि जेवणानंतरची साखर थोडी हळू चढते, हेही खरे. मधुमेह्याने तेवढ्यावर विसंबून भात वाढवला तर मिळवलेले गमावले. उच्च तापमानाला तूप तग धरते, कारण लवकर बिघडणारी बहु-असंपृक्त मेदाम्ले त्यात फार थोडी. तळणासाठी ते रिफाइंड सूर्यफूल तेलापेक्षा स्थिर आहे. तेच तूप पुन्हा पुन्हा तापवले तर हा गुण टिकत नाही. ओमेगा-३ मात्र तुपात नगण्य. त्यासाठी विदर्भातली जवसाची चटणी किंवा कोकणातला बांगडा-तारली जास्त कामाची.

ब्युटिरिक आम्लाचा दावा थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण तो शास्त्राच्या भाषेत येतो. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी ब्युटिरेटवर, म्हणजे ब्युटिरिक आम्लाच्याच एका रूपावर, जगतात, हे सत्य. तुपात ब्युटिरिक आम्ल असते, हेही सत्य. म्हणून तूप आतड्याचे पोषण करते, हा निष्कर्ष मात्र चुकतो. तुपातले ब्युटिरिक आम्ल जठरात आणि लहान आतड्यातच सुटे होऊन शोषले जाते. मोठ्या आतड्यापर्यंत ते पोहोचतच नाही. शिवाय चमचाभर तुपात ते दीड-दोनशे मिलिग्रॅम असते. मोठ्या आतड्यातले जिवाणू डाळी, भाजी, ज्वारी-बाजरीतल्या तंतूंपासून दिवसाला ग्रॅमवारी ब्युटिरेट तयार करतात. आतड्याची काळजी असेल तर भाकरी आणि उसळ वाढवावी.

सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून तूप घेण्याची पद्धतही सध्या जोरात आहे. स्निग्ध पदार्थ पोटात गेला की पित्ताशय आकुंचन पावते आणि आतड्याची हालचाल वाढते. त्यामुळे बद्धकोष्ठ असणाऱ्या काहींना आराम पडतो. पित्ताशयात खडे असलेल्याला त्याच कृतीने कळ येऊ शकते. 'शरीरातली विषद्रव्ये बाहेर पडतात', 'चरबी वितळते' या दाव्यांना आधार नाही.

या पद्धतीला आयुर्वेदाचे नाव दिले जाते, पण आयुर्वेद तुपाबाबत हल्लीच्या आहारगुरूंपेक्षा कितीतरी सावध आहे. चरकसंहितेत घृत, तैल, वसा आणि मज्जा या चार स्नेहांत घृत श्रेष्ठ मानले आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच ग्रंथात स्नेहपान कोणाला वर्ज्य, याचीही यादी आहे. कफ आणि मेद वाढलेले, अग्नी मंद असलेले त्यात येतात. मात्रा जठराग्नीप्रमाणे ठरवायची, ऋतू पाहायचा, हा सारा विवेक त्या परंपरेत आहे. पोट सुटलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला सरसकट तूप वाढवायला सांगणारा सल्ला चरकाच्या नावावर खपवणे हा ग्रंथावरच अन्याय होय.

तूप कोण खाते यावर परिणाम ठरतो, ही गोष्ट आधुनिक पोषणशास्त्रही मानते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाचे पोट लहान आणि ऊर्जेची गरज मोठी. त्याच्या मऊ भातात किंवा खिमटीत अर्धा-एक चमचा तूप किंवा तेल घालणे योग्यच. कुपोषणाच्या छायेत वाढणाऱ्या मुलांसाठी, मग ती मेळघाटातली असोत की शहरी वस्तीतली, अन्नातला स्निग्धांश वाढवणे हा उपचाराचाच भाग असतो. ऊसतोड करणाऱ्या मजुराला दोन-तीन चमचे तुपाने काही होणार नाही; त्याला ते परवडत नाही, हे दुखणे वेगळे. बाळंतिणीच्या डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांची कल्पना अपुऱ्या आहारावर राबणाऱ्या बाईसाठी होती. गरोदरपणात आधीच वीस किलो वजन वाढलेल्या, घरी विश्रांती घेणाऱ्या आजच्या बाळंतिणीला त्याच प्रमाणात लाडू खाऊ घालण्यात शहाणपण नाही.

दुसऱ्या टोकाला शहरी प्रौढ आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब, ३९.५ टक्क्यांना पोटाचा लठ्ठपणा आढळला, आणि दहांपैकी आठ जणांच्या रक्तातील मेदाचे कोणते ना कोणते प्रमाण बिघडलेले होते. याचे खापर तुपावर फोडता येत नाही. भारतीय ताटाचा मोठा दोष म्हणजे भात, गहू आणि साखरेचा अतिरेक आणि डाळींची चणचण. पण अशा शरीरांच्या समाजात तूप निर्धास्त खा असे सांगणे बेजबाबदारपणाचे आहे.

शेवटी बाजारातल्या तुपाबद्दल. 'ए-२ तूप' या नावाने दुप्पट-तिप्पट दराने विकल्या जाणाऱ्या तुपाचा दावा मुळातच पोकळ आहे. ए-१ आणि ए-२ हे दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचे प्रकार आहेत, आणि तुपात प्रथिन उरतच नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे काढून टाकण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला. शास्त्र त्यामुळे बदलले नाही. गाईच्या तुपाचा पिवळा रंग कॅरोटीनचा. म्हैस ते कॅरोटीन अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचे तूप पांढरे. आरोग्याच्या दृष्टीने दोन्हींत सांगण्याजोगा फरक नाही.

भेसळीचा प्रश्न मात्र खरा आहे. ती ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे केले गेले. तिळाचे तेल ओळखणाऱ्या बोदुआँ चाचणीत त्यामुळे लालसर रंग येतो. पाम तेल किंवा प्राण्यांच्या चरबीची भेसळ या चाचणीत सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मेदाम्लांचे विश्लेषण करावे लागते. जुनी रायशर्ट-मायस्ल चाचणीही दर वेळी निर्णायक ठरत नाही, कारण सरकी खाणाऱ्या जनावरांच्या अस्सल तुपातही या चाचणीचा अंक कमी येतो आणि म्हणून कापूस पट्ट्यासाठी निकषच वेगळे ठेवावे लागले होते. तूप कणीदार आहे किंवा तळहातावर लगेच वितळते, यावरून शुद्धता कळत नाही.

ज्यांना हृदयविकार झाला आहे, ज्यांचे एलडीएल वाढलेले आहे किंवा ज्यांच्या घराण्यात तरुणपणी झटके आले आहेत, त्यांनी तूप चवीपुरते ठेवून बाकीचा स्निग्धांश तेल, दाणे आणि तीळ यांतून घ्यावा. बाकीच्यांना दिवसाचे एक-दोन चमचे भोवण्याचे कारण नाही. आहारात तूप नव्याने वाढवायचे असेल तर आधी एकदा आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा एकदा रक्तातील मेदाची तपासणी करून घ्यावी. तुपाने प्रत्येकाचे एलडीएल सारखे वाढत नाही आणि आपल्या शरीरात ते किती वाढते हे त्या दोन अहवालांतच दिसते.